आजीला खुर्चीवर बसवू नका : ऑनलाइन पाठ करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

आदिवासी गावांतल्या हातकामाचे ऑनलाइन पाठ आम्ही नांदेडला तयार करून देतो. आमच्याकडे येणारे बरेचजण एकच वाक्य घेऊन येतात: "शूटिंग झालंय, तुम्ही फक्त ऑनलाइन करून द्या." आश्रमशाळेचे सर असोत नाहीतर एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते, काम किनवट-माहूरकडच्या गोंड-कोलामांचं असो की कळमनुरीकडच्या आंध समाजाचं, हातात पेनड्राइव्ह आणि पाठ हवा पुढच्या आठवड्यात. पेनड्राइव्ह लावला की शाळेचा हॉल दिसतो. मागे बॅनर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत आजी, पदराला माईक, आणि कॅमेऱ्यामागून आवाज: "आजी, टोपली कशी विणतात ते मुलांना मराठीत सांगा बरं." आजी सांगतात, "बांबू फोडायचा, पट्ट्या काढायच्या, विणायचं." एवढं बोलून त्या तुमच्याकडे बघत बसतात.

त्यांना कधी कुणी सांगून शिकवलेलंच नाही, मग त्या सांगणार कशा? लहानपणी आईशेजारी बसल्या. आधी नुसतं बघणं, मग पट्ट्या उचलून देणं, मग आईनं मांडलेला तळ सुटू नये म्हणून पायाच्या अंगठ्यानं दाबून धरणं. कोयता हातात आला तो त्यानंतर. पट्टी सोलताना बांबूचं पेर आलं की हात थांबतो, पातं किंचित कलतं आणि मग पुढे सरकतं. तिथं चुकलं की पट्टी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी. ही थांबायची जागा तोंडानं कुणी सांगत नाही. पाठासाठी आम्हाला नेमकी तीच लागते, आणि तुमच्या शूटिंगमध्ये सबंध वेळ आजींचा चेहरा असतो.

असं शूटिंग कितीही कापलं-जोडलं तरी त्याचा पाठ होत नाही. पुन्हा गावी जावं लागतं, तारीख हुकते, आणि "तुम्ही मुद्दाम फेऱ्या वाढवता" हे आम्ही ऐकून घेतो. म्हणून हे पत्रक.

रेकॉर्डिंग काम चालू असताना आणि कामाच्याच जागी करा. शेजारी शिकणारं पोर हवंच. कॅमेरा समोरून लावू नका. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं दिसतं आणि मोबाइलवर बघणारं पोर उलट्या हातानं विणायला बसतं. आजींच्या खांद्यामागून, त्यांच्या हातांवर धरा. प्रश्न तुम्ही विचारू नका. पोराला वाटलं तर ते विचारील, त्याच्या बोलीत विचारील. नाही विचारलं तरी बिघडत नाही. त्याची पट्टी तुटली तर कॅमेरा अजिबात बंद करू नका, कारण ती हातातून घेऊन आजी पुढं काय करतात ते आम्हाला सोन्याच्या मोलाचं आहे.

हंगामाचंही बघा. मे महिन्यात वाळका बांबू हॉलमध्ये आणून त्याच्या पट्ट्या काढायला लावल्या तर त्या तडकणारच, आणि बघणाऱ्याला वाटतं आजींनाच येत नाही. बांबू पावसाळा सरल्यावर तोडतात, तो ओला असतानाच सरळ फुटतो. मोहफुलं चैत्राच्या सुमाराला पहाटे वेचतात. त्याचा पाठ दिवाळीत मागितला तर आम्ही नाही म्हणू.

आता नेहमीचे प्रश्न. "पाठात चार पर्यायांचे प्रश्न का नाहीत?" हवे असतील तर घालून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पण टोपली येते की नाही हे टोपलीच सांगते. आमच्या पाठात आधी बोलण्याशिवाय नुसते हात दिसतात, कोयत्याचा आवाज येतो. मग पोर स्वतः करून बघतं, जमलं-फसलं त्याचा फोटो टाकतं आणि तो फोटो घेऊन आजींकडे जातं. काही गोष्टी आम्ही पाठात मुद्दाम ठेवत नाही, त्या आजींनाच विचाराव्या लागतात. यावर काही ग्राहक नाराज होतात, पाठ अर्धवट वाटतो म्हणतात. आमचं म्हणणं, आजी हयात आहेत तोवर मोबाइलनं त्यांची जागा घेऊ नये.

"कोलामीत कशाला, साहेबांना कळत नाही." साहेबांसाठी खाली मराठी ओळी देतो. मूळ आवाज मात्र पुसत नाही. शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच आहे. प्रस्तावात तेवढं लिहा, काम सोपं होतं. आणि हे खूळ काही आजचं नाही. गोंडांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र निघालं, गोंडी वाचनपुस्तकं निघाली. मार्लवाई तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, आणि किनवटही तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. किनवट नांदेड जिल्ह्यात आलं ते १९५६ साली. लिपीचं विचाराल तर गोंडीच्या दोन लिपी, मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये, युनिकोडमध्ये म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत आल्या, त्यामुळे दोन्ही टाइप करता येतात. पण तुमची पोरं देवनागरी वाचत असतील तर आम्ही देवनागरीच सुचवतो.

परवानगी शूटिंगच्या आधी घ्या, एडिटिंग झाल्यावर नव्हे. नुसता आजींचा अंगठा पुरत नाही, गावातल्या जाणत्यांना एकत्र बसवून विचारा. टोपली सगळ्यांनी बघितली तर कुणाचं काही जात नाही. परधानांनी, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकांनी, गायलेली कुळकथा किंवा देवाच्या जागेवरचा विधी यांचं तसं नसतं: कुणी ऐकायचं, कधी ऐकायचं, हे ठरलेलं असू शकतं. अशा भागाला आम्ही कुलूप घालून देतो, किल्ली गावाकडे. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांच्या संग्रहावरून उचललेली आहे. त्यांच्यासाठी २००७ मध्ये झालेल्या त्या कामातूनच पुढे मुकुर्तू ही मोफत संगणक-प्रणाली उभी राहिली.

फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून बारीक करतो आणि पातं कुठं कललं तेच दिसेनासं होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेमरी कार्ड द्या. तयार पाठ आम्ही मेमरी कार्डावरही देतो. डोंगरातल्या पाड्यावर रेंज नसली तरी चालतो.

पैसे पाठावर घेतो, मिनिटांवर नाही. त्यामुळे लांबवण्यात आमचा काही फायदा नाही. पहिल्या फेरीला आम्ही कॅमेरा काढतच नाही, कामाशेजारी नुसते बसतो. त्या फेरीचा फक्त गाडीभाड्याचा खर्च. बांबूचं काम करायचं असेल तर दसऱ्याच्या आतच सांगून ठेवा. दिवाळीनंतर एकदम गर्दी होते, आणि तेव्हा येणाऱ्यांना पुढच्या वर्षीचा बांबू बघावा लागतो.