माग आणि शिकवण एकाच गळपट्ट्यात: शिकारी कुत्र्यांच्या जीपीएस कॉलरची पार्श्वभूमी

अमेरिकेत शिकारी कुत्रा पाळणाऱ्याला आज बाजारात असा गळपट्टा मिळतो, जो कुत्रा कुठे आहे हे हातातल्या पडद्यावर दाखवतो आणि त्याच पडद्याशेजारच्या बटणाने कुत्र्याला सूचनाही देतो. सूचना तीन प्रकारची असते: आवाज, कंप किंवा विजेचा सौम्य-तीव्र झटका. खोक्यावर छापलेलं असतं: पल्ला ९ मैल, एका वेळी २० कुत्रे, झटक्याच्या १८ पातळ्या, दर अडीच सेकंदांनी जागेची नवी नोंद. हे आकडे एका कारखान्यात एकाच वेळी ठरले नाहीत. माग काढण्याचं तंत्र आणि शिकवण्याचं तंत्र जवळजवळ चाळीस वर्षं वेगवेगळं वाढलं आणि २०१२ मध्ये ते एकत्र आलं. कोणता आकडा कुठून आला हे कळलं, की कॉलर निवडणं पुष्कळ सोपं होतं.

मागाची गरज जुनी. अ‍ॅपलाचियन डोंगरांत रात्री रॅकून नावाच्या प्राण्याच्या मागावर हाउंड, म्हणजे वासावर माग काढणारे कुत्रे, सोडतात आणि शिकारी मागे थांबून नुसता आवाज ऐकतो. माग धरल्यावरचं भुंकणं आणि प्राणी झाडावर चढल्यावरचं भुंकणं यांतला फरक मुरलेल्या कानाला लगेच कळतो. पक्ष्यांच्या शिकारीतल्या पॉइंटर-सेटर जातींच्या गळ्यात घंटा बांधत. घंटा थांबली की कुत्र्याला पक्षी सापडला असं समजायचं. पण कुत्रा दोन दऱ्या ओलांडून गेला की कान आणि घंटा दोन्ही निकामी. मग रात्रभर शोध, आणि पुष्कळदा सकाळी रस्त्यावर गाडीखाली सापडलेला कुत्रा.

यावरचा पहिला उपाय वन्यजीव संशोधनातून आला. १९६० च्या दशकात क्रेगहेड बंधूंनी यलोस्टोनमधल्या ग्रिझली अस्वलांना रेडिओ कॉलर लावल्या. तेच तंत्र पुढे शिकारी कुत्र्यांकडे आलं. अमेरिकेत त्यासाठी प्रामुख्याने २१६ ते २२० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरात आला. कॉलर फक्त टिक-टिक पाठवायची. शिकारी तीन दांड्यांचा, दिशा दाखवणारा यागी अँटेना हातात धरून गोल फिरायचा आणि आवाज सर्वांत मोठा येईल ती दिशा धरायचा. अंतर मात्र कळत नसे. त्यासाठी दोन जागांवरून दिशा घेऊन नकाशावर रेषा छेदाव्या लागत. दरीत तर लहर समोरच्या कड्यावर आपटून परत यायची आणि माणूस उलट्या डोंगराला लागायचा. मुरलेले लोक आधी धारेवर चढायचे, रिसीव्हरची संवेदनशीलता कमी करायचे आणि मगच दिशा पक्की करायचे.

शिकवण्याच्या कॉलरचा इतिहास याला समांतर चालला. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये १९६८ साली ट्राय-ट्रॉनिक्स ही कंपनी निघाली. सुरुवातीच्या कॉलरांचं काम एकच: रॅकूनचा माग सोडून हरणामागे धावणाऱ्या हाउंडला थांबवणं. झटका जबर असायचा आणि हातातल्या यंत्रावरून तो कमी-जास्त करता येत नसे. या कॉलर २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत आणि सत्तरच्या दशकात ट्रकचालकांच्या आपसांत बोलण्याच्या सीबी रेडिओचीही त्याच पट्ट्यात गर्दी होती. भलत्याच संदेशाने कुत्र्याला झटका बसण्याचा धोका त्यामुळे खरा होता. पुढे प्रत्येक कॉलरला स्वतःचा सांकेतिक कोड आला तेव्हा तो टळला. नंतर सहा पातळ्या आणि प्रत्येकीत हलका, मध्यम, जोरदार असे तीन प्रकार आले. जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या आजच्या १८ पातळ्या म्हणजे हाच सहा गुणिले तीनचा हिशोब.

यंत्रापेक्षा मोठा बदल पद्धतीत झाला. कॅलिफोर्नियातले रिट्रीव्हर (शिकार उचलून आणणाऱ्या) कुत्र्यांचे प्रशिक्षक रेक्स कार आणि त्यांच्या परंपरेतल्या लोकांनी कॉलर शिक्षेसाठी न वापरता, कुत्र्याला आधीच पक्की समजलेली आज्ञा लांबून पोचवण्यासाठी वापरायला सुरुवात केली. ज्या कुत्र्याला ‘ये’ म्हणजे काय हे दोरीवर नीट शिकवलेलं नाही, त्याला झटक्यातून काहीच अर्थ लागत नाही. तो फक्त घाबरतो, आणि त्या क्षणी जे समोर असेल त्याला घाबरतो: माणूस असेल तर माणसाला, पक्षी असेल तर पक्ष्याला.

आता उपग्रहांकडे. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी काढली आणि सुमारे १०० मीटरची अनिश्चितता १०-२० मीटरवर आली. त्याच सुमारास म्युर्स नावाची विनापरवाना रेडिओ सेवा सुरू झाली: १५१ आणि १५४ मेगाहर्ट्झमधले पाच चॅनल, कमाल शक्ती २ वॅट. कॉलरने आपली जागा उपग्रहांवरून काढायची आणि या चॅनलवरून मालकाला कळवायची, ही जोडणी त्यामुळे शक्य झाली. गार्मिनची अ‍ॅस्ट्रो ही मागाची कॉलर २००७ मध्ये बाजारात आली. २०११ मध्ये गार्मिनने ट्राय-ट्रॉनिक्स विकत घेतली आणि २०१२ च्या अल्फा १०० मध्ये माग आणि शिकवण एका हँडसेटवर आली. स्पोर्टडॉगची टेक मालिका आणि डॉग्ट्राची पाथफाइंडर हेच करतात. पाथफाइंडरमध्ये नकाशा मालकाच्या मोबाइलवर दिसतो, म्हणजे मोबाइलची बॅटरी संपली की नकाशाही गेला.

खोक्यावरचे ९ मैल म्हणजे साधारण साडेचौदा किलोमीटर. कॉलरची रेडिओ लहर जवळपास सरळ रेषेत जाते, त्यामुळे पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. कुत्र्याचा अँटेना जमिनीपासून अर्धा मीटर आणि माणसाच्या हातातला दीड मीटर धरला तर सपाट माळावर हा पल्ला ८ किलोमीटरच्या आत राहतो. तोच माणूस ३० मीटर उंच टेकाडावर गेला तर हिशोब २५ किलोमीटरपर्यंत जातो आणि मग मर्यादा यंत्राच्या शक्तीची उरते. ओल्या दाट झाडीत किंवा मध्ये डोंगर असला की यातलं फारच थोडं हाती लागतं. या लहरीला पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे ४९ सेंटिमीटर लागतो. काट्याकुट्यांत त्रास होतो म्हणून कॉलरचा अँटेना कापणारे लोक आहेत. तो कापला की पल्ला हमखास घटतो.

नोंदीचा वेग हा दुसरा खरा निकष. ताशी ३० किलोमीटरने धावणारा कुत्रा अडीच सेकंदांत २१ मीटर जातो, तीस सेकंदांत २५० मीटर, दोन मिनिटांत एक किलोमीटर. जवळपास हायवे असेल तर सर्वांत जलद नोंद ठेवावी आणि बॅटरी लवकर संपेल हे धरून चालावं. कॉलर उघड्या आकाशाखाली सुरू करून काही मिनिटं थांबावं. गाडीवरच्या धातूच्या पेटीत कुत्रा असताना कॉलर सुरू केली तर तिला उपग्रह दिसत नाहीत, आणि कुत्रा पेटीतून सुटून पळाल्यावर पहिल्या काही मिनिटांचा माग नकाशावर उमटतच नाही.

शिकवण्याच्या भागात सर्वाधिक घोळ पट्टा सैल असण्यामुळे होतो. झटका दोन धातूच्या टोकांमधून कातडीला लागतो. एकच टोक टेकलं तर काही जाणवत नाही. मालकाला वाटतं पातळी कमी पडली, तो ती ३ वरून ८ वर नेतो, तेवढ्यात कुत्रा मान वळवतो, दोन्ही टोकं नीट टेकतात आणि तो किंचाळून उडतो. म्हणून पातळी वाढवण्याआधी नेहमी पट्टा तपासावा: टोकं गळ्याच्या खालच्या बाजूला, केस बाजूला सारून कातडीला लागलेली, जीपीएसचा भाग मानेवर वर. दाट केसांच्या जातीला लांब टोकं लावावीत. चोवीस तासांतले किमान आठ तास पट्टा काढून ठेवावा, नाहीतर टोकांच्या दाबाने कातडीला जखमा होतात आणि चिघळतात.

दोन तंत्रं एकत्र आल्याने एक नवा धोकाही आला, आणि विकणारे त्याबद्दल फार बोलत नाहीत. जुन्या कॉलरचा पल्ला बेताचा होता, त्यामुळे बटण दाबणाऱ्याला कुत्रा बहुधा दिसत असे. आता माणूस काही किलोमीटरवरून, काही सेकंद जुन्या ठिपक्याकडे पाहून बटण दाबू शकतो. त्या क्षणी कुत्रा हरणामागे आहे, कुंपणात अडकला आहे की रानडुकराशी भिडला आहे, हे पडद्यावर दिसत नाही. न दिसणाऱ्या कुत्र्याला परत बोलवायला आधी शिकवून ठेवलेला आवाज किंवा कंपच वापरावा. झटक्याला अपवाद एकच मानावा: कुत्रा रस्त्याकडे किंवा रुळांकडे निघालेला स्पष्ट दिसतो आहे आणि आवाजाला थांबत नाही.

युरोपात या दोन तंत्रांची गाठ बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच बसू दिली नाही. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये झटक्याच्या कॉलरचा वापर बेकायदा ठरवला, वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे, स्वीडनमध्येही ती चालत नाही. तिथे फक्त मागाच्या कॉलर वाढल्या. फिनलंडमधल्या मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी बनलेल्या कॉलर मोबाइल नेटवर्कवरून जागा कळवतात आणि कुत्रा मिनिटाला किती वेळा भुंकतो तेही मोजतात, कारण मूस एका जागी थांबला आहे का हे त्यावरून ओळखतात. त्यांना अंतराची मर्यादा नाही, पण जिथे नेटवर्क नाही तिथे त्या मुक्या. अमेरिकेचे चॅनल युरोपात चालत नाहीत, त्यामुळे अमेरिकेतली कॉलर स्वस्तात मिळाली तरी युरोपात वापरायला घेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. त्याआधीही दख्खनचे कारवानी आणि पश्मी कुत्रे उघड्या माळावर, नजरेच्या टप्प्यात सशामागे धावत. दऱ्या ओलांडून माग काढण्याचा प्रश्न तिथे फारसा नव्हता. आज प्रश्न येतो तो अमेरिकेतल्या नातेवाइकाने शेतावरच्या कुत्र्यासाठी अशी कॉलर आणली तर. १५१ आणि १५४ मेगाहर्ट्झवर भारतात परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. गार्मिनच्या अल्फा २००आय सारख्या मॉडेलमध्ये इनरीच हे उपग्रह-संदेशाचं साधनही असतं आणि तेही इथे परवानगीशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी महिलेला इनरीच सोबत असल्यामुळे पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. शेतावरच्या कुत्र्याचा ठावठिकाणा ठेवायचा असेल तर सिमकार्डवर चालणारा ट्रॅकर घ्यावा, आणि घेण्याआधी ट्रॅकरमध्ये ज्या कंपनीचं सिम घालणार, त्याच कंपनीचं सिम मोबाइलमध्ये घालून शेताच्या चारही बांधांवर रेंज पाहून यावी.