एका खात्यात पाच ब्लॉग: ही सोय आली कुठून?

होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्यानं जागा देणाऱ्या सेवेच्या, जाहिरातीत ‘अनलिमिटेड वेबसाइट्स’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. दादरच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाला ते बरंच वाटतं. पुस्तकविक्रीची एक साइट, दिवाळी अंकाची दुसरी, संपादकांचा स्वतःचा ब्लॉग, कुठल्याशा शिबिरापुरती काढलेली चौथी, असं सगळं एका खात्यात बसतं आणि वर्षाचं बिल एकच येतं. पण ही सोय कुणाच्या औदार्यातून आलेली नाही, टंचाईतून आलेली आहे. आधी पत्त्यांची टंचाई होती, मग डेटाबेसची, म्हणजे साइटचा मजकूर साठवणाऱ्या कोठाराची, आणि आपल्याकडे तर डॉलरमध्ये पैसे भरू शकणाऱ्या कार्डाचीही. दर वेळी जो तोडगा निघाला त्याची खूण आजही त्या खात्यात सापडते.

सगळ्यात जुनी खूण म्हणजे ‘पब्लिक_एचटीएमएल’ नावाचं फोल्डर. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगचं खातं सांभाळण्याच्या पडद्यावर, फाइल मॅनेजर उघडला की ते दिसतंच. हे नाव १९९३च्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, एनसीएसए या संगणन केंद्रात तयार झालेल्या वेब सर्व्हरमधून, म्हणजे मागितलेली पानं पाठवणाऱ्या प्रणालीतून, आलं. विद्यापीठाच्या एकाच मोठ्या यंत्रावर शेकडो विद्यार्थ्यांची खाती असायची. ज्याला आपलं पान जगाला दाखवायचं असेल त्यानं ते या फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि पत्त्यात टिल्डाचं (~) चिन्ह टाकून पुढे आपलं नाव लिहायचं. स्वतःचं डोमेन वगैरे भानगड नव्हतीच. त्या सर्व्हरचं काम पुढे रेंगाळलं, तेव्हा वापरणाऱ्यांनीच डागडुजी करत १९९५ साली त्यातून अपाची हा नवा सर्व्हर उभा केला, आणि फोल्डरचं नाव त्यातही टिकलं.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. निगमचं मुख्यालय आपल्या फोर्टातलं. डायल-अपच्या त्या वेगात मुंबईकरानं पान उघडलं तरी ते बहुधा अमेरिकेतल्या कुठल्या तरी यंत्रावरून येत असे. तिथे तेव्हा एक गंमतीचा अडथळा होता.

वेबच्या सुरुवातीच्या नियमांनुसार ब्राउझर सर्व्हरला फक्त एवढंच सांगायचा की अमुक पान दे. कोणत्या साइटचं पान, हे तो सांगतच नसे. चाळीत दहा बिऱ्हाडं आणि पाकिटावर फक्त चाळीचं नाव, तर पोस्टमन काय करणार? म्हणून प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, द्यावा लागायचा. असे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण ते हातोहात संपणार हे तेव्हाच दिसू लागलं होतं. जानेवारी १९९७मध्ये एचटीटीपी १.१चा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नव्या नियमांचा, मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यात ‘होस्ट’ नावाची एक ओळ सक्तीची झाली. ब्राउझरनं मागणीसोबत साइटचं नाव लिहायचं, आणि ते नसेल तर सर्व्हरनं ४०० क्रमांकाची चूक दाखवून मागणी परत करायची. काही ब्राउझर ती ओळ आधीपासूनच पाठवू लागले होते, नियमानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एका खात्यात अनेक ब्लॉग ही सगळी इमारत त्या एका ओळीवर उभी आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

यापुढचं काम सीपॅनलसारख्या पॅनलांनी केलं. सीपॅनलची सुरुवात १९९६ची. सर्व्हरच्या सेटिंगची फाइल हातानं लिहिण्याऐवजी ‘ॲडऑन डोमेन’ (खात्यात जोडायच्या जादा साइटचं नाव) म्हणून नाव भरा, बटण दाबा, झालं. मात्र दुसऱ्या साइटचं फोल्डर बरेचदा पहिल्या साइटच्या पोटातच तयार व्हायचं. त्यामुळे दिवाळी अंकाची साइट तिच्या स्वतःच्या नावानं उघडायची, मुख्य साइटच्या सबडोमेनवर (तिच्या नावाआधी शब्द जोडलेल्या पत्त्यावर) उघडायची आणि मुख्य साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊनही उघडायची. एकच मजकूर तीन पत्त्यांवर. जुन्या खात्यांत हा प्रकार अजून आढळतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

ब्लॉगची गोष्ट इथे येऊन मिळते. ब्लॉग लिहिण्याची सेवा ब्लॉगर १९९९मध्ये आली, पण तिथे जागा दुसऱ्याची. स्वतःच्या होस्टिंगवर ब्लॉग मांडायचा तर २००१पासून मूव्हेबल टाइप ही प्रणाली होती, आणि तिच्या एकाच स्थापनेत (एकदा बसवलेल्या प्रतीत) हवे तेवढे ब्लॉग काढता येत. १३ मे २००४ रोजी तिची तिसरी आवृत्ती जाहीर झाली आणि फुकटच्या परवान्यावर मर्यादा आली: लेखक एक, ब्लॉग तीन. वापरणारे भडकले. नऊ दिवसांनी, २२ मे रोजी, ब्लॉग चालवण्याच्या दुसऱ्या प्रणालीची, वर्डप्रेसची, १.२ आवृत्ती आली आणि भडकलेली बरीच मंडळी तिकडे वळली. वर्डप्रेस तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बी२ नावाच्या जुन्या प्रणालीची फांदी काढून २७ मे २००३ रोजी ते प्रसिद्ध केलं होतं. वर्डप्रेसच्या लोकप्रियतेची कारणं सांगताना लोक त्याच्या थीम (रूपरंग) आणि प्लगइन (जोड-सुविधा) यांबद्दल बोलतात. माझ्या मते त्या नऊ दिवसांचं श्रेय कमी लेखलं जातं. माणसं चांगल्या गोष्टीकडे ओढली गेली त्यापेक्षा ‘तीनच ब्लॉग’ या अटीला वैतागून जास्त गेली.

गंमत अशी की वर्डप्रेसमध्ये तेव्हा एका स्थापनेत एकच ब्लॉग निघायचा. दुसरा हवा तर सगळं पुन्हा बसवा. त्यात स्वस्त होस्टिंगमध्ये डेटाबेस एखादाच मिळायचा. यावरचा तोडगा ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये आजही आहे. तिथे ‘टेबल प्रीफिक्स’ची ओळ असते आणि तिच्यावर सूचना असते की वेगवेगळे उपसर्ग दिलेत तर एकाच डेटाबेसमध्ये अनेक स्थापना राहू शकतात. मग कुणी ‘डीए_’, कुणी ‘पुस्तक_’ असे उपसर्ग देऊन चार ब्लॉगांची टेबलं एकाच ठिकाणी कोंबायचं. आपल्याकडे त्यात भर कार्डाची. बिल डॉलरमध्ये, आंतरराष्ट्रीय कार्ड मित्रमंडळात एखाद्याकडेच, म्हणून खातं एकाच्या नावावर आणि ब्लॉग चौघांचे. तो एक जण परदेशी गेला किंवा त्याचा कंटाळा वाढला की चौघांचीही पंचाईत.

मराठी ब्लॉगांना याचा एक खास फटका बसला. वर्डप्रेसचा डेटाबेस मायएसक्यूएल पूर्वी मजकूर ‘लॅटिन-१’, म्हणजे युरोपीय अक्षरांचा संच, समजून साठवायचं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये, म्हणजे सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, आणि डेटाबेस त्याला तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजायचा. वाचतानाही तोच गैरसमज कायम असल्यामुळे पानावर मराठी नीट दिसायचं. मे २००७मध्ये वर्डप्रेस २.२नं अक्षरसंचाची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये आणली. त्यानंतरचे ब्लॉग त्याच डेटाबेसमध्ये शुद्ध यूटीएफ-८मध्ये बसले. पुढे होस्टिंग बदलायची वेळ आली की एकाच बॅकअपमधून नवा ब्लॉग सुखरूप उतरायचा आणि जुन्याच्या जागी टोप्या घातलेल्या ‘ए’ची रांग दिसायची. कित्येकांनी लेख गेले असं समजून सोडून दिले. खरं तर लेख शाबूत असतात. डेटाबेसमधल्या त्या मजकुराच्या स्तंभाचा प्रकार आधी ‘बायनरी’ करायचा आणि मग यूटीएफ-८ करायचा, की मराठी परत येतं. थेट बदलायला गेलात तर मात्र गैरसमज कायमचा पक्का होतो. हे आधी बॅकअपच्या प्रतीवर करून पाहा, एवढंच सांगणं.

एका पत्त्यामागे अनेकांनी राहण्याचा धोका मुंबईला जुलै २००६मध्ये दिसला. ११ जुलैच्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्याच आठवड्यात दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना मोजकी काही पानं बंद करायला सांगितली. कंपन्यांना एकेक ब्लॉग वेगळा काढणं जमलं नाही किंवा तेवढी तसदी घ्यायची नव्हती. त्यांनी ब्लॉगस्पॉट (ब्लॉगरवरच्या ब्लॉगांचं ठिकाण), टाइपपॅड आणि जिओसिटीज या सेवा सरसकट बंद केल्या. सुक्याबरोबर ओलंही जळालं. स्फोटांनंतर मुंबईकरांना मदतीची माहिती देणारा ब्लॉगसुद्धा ब्लॉगस्पॉटवरच होता. काही दिवसांनी सगळं पूर्ववत झालं, पण ‘आपलं डोमेन, आपलं होस्टिंग’ या बोलण्याला तेव्हा धार आली.

वर्डप्रेसची अनेक-ब्लॉग आवृत्ती, ‘एमयू’, वेगळी चालत होती. जून २०१०मध्ये ३.० आवृत्तीत ती मुख्य प्रणालीत मिसळली आणि मल्टिसाइट झाली. एकच स्थापना, वापरकर्त्यांचं टेबल एकच, आणि लेखांची टेबलं प्रत्येक साइटची वेगळी, क्रमांक लावलेली. प्लगइन एकदा अद्ययावत केलं की सगळीकडे होतं. ऐकायला छान, पण यातली एक साइट उचलून दुसरीकडे न्यायची म्हणजे डोकेदुखी, कारण वापरकर्ते सामाईक असतात. प्रत्येकाला स्वतःचं डोमेन जोडायला प्लगइन लागायचं, ते २०१६च्या ४.५ आवृत्तीनंतर लागेनासं झालं. एकाच संस्थेच्या शाखा असतील तर मल्टिसाइट ठीक. चार स्वभावाचे चार ब्लॉग असतील तर वेगळ्या स्थापनाच बऱ्या, असं माझं मत आहे.

वेगळ्या स्थापना म्हणजे वेगळी सुरक्षा, असं मात्र नाही. एका खात्यातल्या सगळ्या फाइली एकाच वापरकर्त्याच्या नावावर असतात, त्यामुळे एका ब्लॉगमधून घुसलेला शेजारच्याच्या फाइली बदलू शकतो. ऑगस्ट २०११मध्ये ‘टिमथंब’ या चित्रं लहान करणाऱ्या छोट्या फाइलमधलं भगदाड उघड झालं. ती असंख्य थीममध्ये दडलेली होती, आणि न वापरलेली थीम नुसती फोल्डरमध्ये पडून असली तरी पुरे होतं. आपल्या प्रकाशकाच्या बाबतीत भगदाड कुठे असेल हे सांगायला ज्योतिषी नको. दिवाळी अंकाची साइट ऑक्टोबर-नोव्हेंबरात गजबजते आणि पुढचे दहा महिने तिचं प्लगइन कुणी बघत नाही. ऑक्टोबर २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस छोट्या सुधारणा आपोआप बसवू लागलं, पण जुन्या थीमांना ते सांगितल्याशिवाय हात लावत नाही.

कुलूपवाल्या पत्त्यांनी, म्हणजे एचटीटीपीएसनं, तोच जुना अडथळा पुन्हा आणला. ‘होस्ट’ची ओळ पोचायच्या आधीच सांकेतिक बोलणी सुरू होतात, मग सर्व्हरनं कोणत्या साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र दाखवायचं? ब्राउझरनं नाव आधीच सांगावं, असा उपाय २००३मध्ये लिहिला गेला, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कळत नव्हता. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४मध्ये थांबला, डिसेंबर २०१५मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं सर्वांना मिळू लागली, आणि एका खात्यातल्या पाचही ब्लॉगांना कुलूप लावणं परवडू लागलं.

शेवटची अडचण पुन्हा कार्डाचीच. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे कार्डावरून परस्पर कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांना ग्राहकाची आगाऊ संमती लागू झाली, आणि ५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी. जून २०२२मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. परदेशी कंपन्यांकडची अनेक नूतनीकरणं त्या काळात अडकली. एका खात्यात सगळं असेल तर एक हप्ता चुकला की पाचही ब्लॉग एकाच दिवशी बंद. म्हणून विक्रीची साइट तेवढी स्वतंत्र खात्यात ठेवावी, डोमेनं होस्टिंगवाल्याकडे न ठेवता वेगळीकडे नोंदवावीत, आणि अंक विकून झाला की दिवाळीची साइट साध्या एचटीएमएल पानांत उतरवून तिचं वर्डप्रेस काढून टाकावं.