बाणगंगेचं पाणी आणि ‘खरंच घडलं का’ हा प्रश्न

मुंबईत मलबार हिलवरच्या बाणगंगा तलावावर गेलं की कुणीतरी ती गोष्ट सांगतंच. सीतेला शोधत निघालेला राम इथे आला, तहान लागली, समोर सगळा खारा समुद्र, मग त्याने जमिनीत बाण मारला आणि गोडं पाणी वर आलं. आणि मग त्याच पायऱ्यांवर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते घडलंच आहे, दुसरी म्हणते भाकडकथा. मी लहानपणापासून हे ऐकत आलेय आणि बरीच वर्षं मला वाटायचं की बाजू असतात त्या या दोनच. नंतर वाचायला लागल्यावर कळलं की आपल्याकडे हा मामला इतका अरुंद नव्हता, आणि तो अरुंद व्हायला आपल्या मुंबईतल्या एका किनाऱ्याचा बराच हातभार लागलाय.

सुरुवात फार जुनी आहे. यास्काचं निरुक्त, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणारा ग्रंथ, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. इंद्राने वृत्राला मारलं आणि अडवलेलं पाणी सोडवलं ही वेदातली मोठी कथा, त्यावर यास्क सरळ विचारतो, हा वृत्र कोण? आणि दोन्ही उत्तरं नोंदवतो. नैरुक्त, म्हणजे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून अर्थ लावणारे, म्हणतात ढग, ऐतिहासिक, म्हणजे कथा घडलेली मानणारे, म्हणतात त्वष्ट्याचा मुलगा, असुर. स्वतः तो म्हणतो की पाणी आणि तेज एकत्र येऊन पाऊस पडतो, युद्धाचं वर्णन ही उपमा आहे. मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर दोन्ही पक्षांना नावं आहेत आणि कुणालाही पाखंडी म्हटलेलं नाही. कौत्स नावाचा एक जण तर म्हणत होता की मंत्रांना अर्थच नाही, त्यालाही यास्क उत्तर देतो, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे.

मग मीमांसक आले, यज्ञविधींच्या वेदवाक्यांचा अर्थ लावणारे. ही सगळ्यात कर्मठ मंडळी, वेदाचा शब्द न शब्द प्रमाण मानणारी, आणि तरी त्यांच्यापुढे ‘आदित्यो यूपः’ असं वाक्य येतं, म्हणजे यज्ञातला खांब हा सूर्य आहे. आता खांब काही सूर्य नाही हे डोळ्यांना दिसतंय. त्यांनी वाक्य खोटंही ठरवलं नाही आणि खांब म्हणजेच सूर्य असा हट्टही धरला नाही, त्याला अर्थवाद म्हटलं, म्हणजे वस्तुस्थिती सांगणारं नव्हे, स्तुती करणारं वाक्य. पुढे सातव्या शतकाच्या सुमारास त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी तेच पुराणकथांना लावलं. प्रजापती मुलीमागे धावला म्हणजे सूर्य उषेमागे येतो. इंद्र म्हणजे सूर्य, अहल्या म्हणजे रात्र, तो उगवला की ती संपते.

हुशारी आहे खरी, पण मला इथे कायम अडखळायला होतं. अहल्येची रात्र केली की देवाची अडचण सुटते, आणि तिच्यावर जे गुदरलं ते मात्र गोष्टीतून नाहीसंच होतं. म्हणजे रूपक काढणं आणि अर्थ सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्थ कसा सापडतो ते एकनाथांकडे बघावं. १५९९ ला ते गेले, भारुडं अजून जिवंत आहेत. ‘काम क्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला’. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराबाहेर मी हे भारूड बघितलंय, करणारा माणूस खरंच विंचू चावल्यासारखा तडफडत होता, लोक पोट धरून हसत होते, आणि माझ्या शेजारच्या काकू हसता हसता एकदम गप्प झाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. तिथे कुणी विचारत नाही की विंचू कुठेय. तुकोबा तर म्हणूनच गेलेत, ‘वेदाचा तो अर्थ आम्हासीच ठावा, येरांनी वाहावा भार माथा’.

आता मुंबई. १८२९ मध्ये जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी इथे आले, चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८३१ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला, नंतर पारशी धर्मग्रंथांवरूनही खडाजंगी झाली. मग १८५७, जानेवारी ते मे, हिंदू धर्माच्या बाजूने बोलणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी आठवड्याच्या आठवड्याला मिशनऱ्यांशी वाद घालत होते, गर्दी जमायची, तो सगळा ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ पुढे छापलाही गेला. विष्णुबुवांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी घाबरलेल्या लोकांना बोलायचं बळ दिलं. पण अशा वादाची एक अट असते, मैदान समोरचा ठरवतो. तुमच्या देवाने असं केलं की नाही, हो की नाही बोला! मग बचाव करणाऱ्यालाही शब्दशः खरं-खोटं याच काट्यावर बोलावं लागतं, आणि भोवती जमलेल्या गर्दीला वाटायला लागतं की धर्माबद्दल विचारायचा प्रश्न एवढाच. अर्थवाद, रूपक, भारूड, हे सगळं त्या वाळूत मागे पडलं असं मला वाटतं. त्यानंतरचे आपले बरेचसे वाद बघा, अजून तिथेच उभे आहेत.

अर्थात सगळे तिथे थांबले नाहीत. टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ या पुस्तकात त्याच प्रजापतीच्या कथेत आकाश वाचलं, मृग नक्षत्र, व्याधाचा तारा, वसंतसंपात म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाचं सूर्याचं स्थान, आणि त्यावरून वेदांचा काळ काढला. आणि त्याच्या २० वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ या पुस्तकात दशावतारच उलटे वाचले. मत्स्य म्हणजे जलमार्गाने चालून आलेली टोळी, वामन म्हणजे आक्रमक, बळी इथला न्यायी राजा, नऊ खंडांचा न्यायी तो खंडोबा, महासुभा, म्हणजे मोठ्या प्रांताचा अधिकारी, तो म्हसोबा. या व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकोत न टिकोत, फुल्यांनी जे पकडलं ते खरंच तिथे होतं. कारण माझी आजी, परळच्या चाळीत आयुष्य गेलेली, फुले कधीच न वाचलेली, बलिप्रतिपदेला ओवाळताना म्हणायचीच, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पुराणात जिंकतो वामन, आणि घराघरात बायका राज्य मागतात हरलेल्याचं! गोष्टीचा अर्थ लोकांनी आधीच लावून ठेवला होता, फुल्यांनी तो मोठ्याने सांगितला.

पुढे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गणित करणारे दामोदर कोसंबी पुण्याकडच्या डोंगरवाटा पायी फिरले, शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर का आहेत ते शोधत, १९६२ ला त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. त्याच सुमारास मुंबईत दुर्गाबाई भागवत व्यासपर्व लिहीत होत्या, मग १९६७ ला इरावतीबाई कर्व्यांचं युगान्त. या दोघींनी महाभारतातल्या माणसांना माणसांसारखे प्रश्न विचारले, द्रौपदीला काय वाटलं असेल, कुंतीने काय सोसलं. कुमारिलांच्या हातून अहल्येचं जे निसटलं होतं ते मला इथे परत सापडलं, म्हणून या दोघींची मी कायमची ऋणी आहे.

मागच्या पितृपक्षात बाबांचं श्राद्ध करायला आम्ही बाणगंगेवर गेलो होतो. गुरुजींनी सगळं झाल्यावर ती बाणाची गोष्ट सांगितली, तर माझी नऊ वर्षांची भाची मध्येच म्हणाली, रामाला पाणी मिळालं, पण तेव्हा सीतेला कुणी पाणी दिलं का? गुरुजी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग तांब्या बाजूला ठेवून तिला अशोकवनाची गोष्ट सांगायला लागले, आणि आम्ही सगळे ओल्या पायऱ्यांवर तसेच ऐकत बसलो.