सोसायटीच्या सोलर वॉटर हीटरवर पुण्यात मिळकतकरात सवलत: अर्ज, कागदपत्रे आणि पाहणी

पुणे महापालिका निवासी मिळकतींना सौरऊर्जा, पावसाचे पाणी जिरवणे आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर 5 टक्के, दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के सवलत देते. ही सवलत फक्त सर्वसाधारण करावर (मिळकतकराच्या बिलातला एक भाग) मिळते, पूर्ण बिलावर नाही. फ्लॅटच्या बिलात सर्वसाधारण कर 4,000 रुपये असेल तर वर्षाला 200 किंवा 400 रुपये वाचतात. रक्कम प्रत्येकाच्या बिलातून वजा होते, सोसायटीच्या खात्यात येत नाही. त्यामुळे देखभालीचा खर्च वर्गणीतूनच करावा लागतो.

अर्ज कर आकारणी व कर संकलन विभागाकडे करायचा. सोसायटीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष किंवा सचिवाच्या सहीशिक्क्यासह. सोबत भोगवटापत्राची प्रत, सोलरचे बिल किंवा देखभाल करार, गच्चीवरच्या पॅनेल-टाक्यांचे फोटो, कर भरल्याच्या पावत्या आणि कमिटीचा ठराव अशी फाइल तयार ठेवावी. सर्वात महत्त्वाची फ्लॅटची यादी: फ्लॅट क्रमांक, मालकाचे नाव आणि मिळकत क्रमांक. आकारणी प्रत्येक फ्लॅटची वेगळी असते, म्हणून यादीतून सुटलेला फ्लॅट सवलतीतूनही सुटतो. फ्लॅट विकला गेला असेल तर बिलावरचे नावच लिहा, नाहीतर मेळ बसत नाही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

खरी कसोटी पाहणीची. प्रकल्प नुसता बसवलेला असून चालत नाही, तो चालू असावा लागतो. बंद आढळला तर सवलत काढून घेतली जाते. बिल्डरने बसवून दिलेले सोलर बंद पडायची कारणे बहुतेक ठिकाणी तीच. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, काचेच्या ट्यूब फुटतात आणि कोणी बदलत नाही. सगळ्यात फसवा प्रकार बाथरूममधला: हेल्थ फॉसेट किंवा मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा नळ बंद ठेवला की प्रेशर पंपाचे थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसते. एका फ्लॅटमुळे खालचे चार मजले कोमट पाण्याने आंघोळ करतात आणि दोष मात्र पॅनेलला दिला जातो. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) बसवला की हे थांबते. ट्यूबऐवजी सपाट पत्र्याचे ‘फ्लॅट प्लेट’ पॅनेल असतील तर टाकीच्या 100 लिटरमागे साधारण 2 चौरस मीटर क्षेत्र लागते. टाकीच्या मानाने पॅनेल कमी असतील तर पाणी कधीच नीट तापणार नाही.

आणखी एक गोंधळ. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान (सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये) वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहे. वॉटर हीटरसाठी त्या पोर्टलवर अर्ज करू नका. वॉटर हीटरवरचे केंद्राचे अनुदान 2014 मध्येच बंद झाले.