बॅलीव्हर्नीचा झरा: संत गॉबनेटच्या फेऱ्यांची पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये पवित्र मानलेले झरे आणि विहिरी सुमारे ३,००० आहेत, आणि बहुतेकांवर आज शेवाळ आहे. कॉर्क काउंटीतले बॅलीव्हर्नी याला अपवाद. संत गॉबनेटच्या सणाला, ११ फेब्रुवारीला, तिथे अजून फेऱ्या घातल्या जातात.

आख्यायिकेप्रमाणे गॉबनेट मूळची क्लेअर काउंटीतली; वैऱ्यांपासून पळून इनिशीर बेटावर गेली. तिथे देवदूताने सांगितले, नऊ पांढरी हरणे चरताना दिसतील तिथे थांब. क्लॉनड्रोहिडला तीन दिसली, बॅलीमाकीराला सहा, बॅलीव्हर्नीला नऊ. गुरे पळवणाऱ्यांवर तिने मधमाश्या सोडल्या, म्हणून ती मधमाश्यांची रक्षणकर्ती.

झऱ्याशेजारच्या गोल दगडी वास्तूला 'गॉबनेटचे घर' म्हणतात. १९५१ साली तिथे उत्खनन झाले तेव्हा लोखंड गाळल्याची मळी निघाली. संतिणीच्या घरात कधीकाळी लोहार राबत होते! भाविकांच्या फेऱ्यांत त्याने काही फरक पडला नाही.

फेरी उजवीच घालायची, सूर्याच्या दिशेने. उलटी फेरी शापासाठी, असा समज. सुरुवात गॉबनेटच्या पुतळ्यापाशी, आणि तो तर विसाव्या शतकातला. पुढे तिचे घर, तिची कबर, पडके चर्च. ठरलेल्या प्रार्थना सात-सात वेळा. दगडावर खड्याने क्रूस कोरतात; वर्षानुवर्षे तीच रेघ गिरवल्याने खोल खाचा पडल्या आहेत. शेवटी झऱ्याचे पाणी प्यायचे.

पोप आठवे क्लेमेंट यांनी १६०१ मध्ये या सणाला येणाऱ्यांसाठी पापदंडमाफी, म्हणजे पापांच्या शिक्षेतून सूट, जाहीर केली. उलट प्रॉटेस्टंट सत्तेच्या १७०४ च्या कायद्याने देशभरच्या विहिरींवरील जमावांना बंदी घातली: दंड दहा शिलिंग, न भरल्यास जाहीर फटके. लोक येतच राहिले.

सणाच्या दिवशी गॉबनेटची मध्ययुगीन लाकडी मूर्ती बाहेर काढतात. रिबीन मूर्तीच्या उंचीइतकी लावून, मग भोवती गुंडाळून 'माप' घेतात. ती रिबीन घरी जपायची. घसा दुखला की गळ्याला बांधायची.

अनेक झऱ्यांवर झाडाला चिंध्याही बांधतात. चिंधी कुजत जाईल तसा आजार ओसरतो, ही मूळ कल्पना. त्यासाठी कापड सुती किंवा लोकरीचे हवे. आता नायलॉन बांधतात. ते कुजत नाही, आणि वाढत्या फांदीला मात्र काचते.