दहा फुटी हौदा आला कुठून?

नव्या पिकपची बातमी आली की बेळगावच्या मार्केट यार्डात आधी दोनच गोष्टी विचारल्या जातात. हौदा किती फुटी, आणि इंजिन कुठलं? रंग, सीट, पडदा यांची चौकशी मागाहून. प्रश्न साधे आहेत, पण त्यांच्या मागे शंभर वर्षांची वाटचाल आहे. तिच्यातला शेवटचा, आपल्या कामाचा टप्पा घडवला तो आपल्या घाटांनी, आपल्या भाजीने आणि मोटार वाहन कायद्यातल्या एका छोट्या पोटकलमाने.

पिकप हा प्रकार मुळात अमेरिकेतला. तिथले शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून त्यावर लाकडी पेटी ठोकून घेत. १९२५ साली फोर्डने ‘मॉडेल टी’च्या मागे कारखान्यातूनच पोलादी हौदा बसवून गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर, इंजिन २० अश्वशक्तीचं. तिचीच पुढची पिढी म्हणजे आजची ‘एफ-१५०’. तिच्यात २.७ लिटरच्या टर्बो इंजिनापासून ५ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनापर्यंत, शिवाय हायब्रिडही, असे पर्याय मिळतात. इंजिन हा तिथे जिव्हाळ्याचा विषय आहे. रॅम कंपनीने २०२५ च्या मॉडेलमधून ५.७ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन काढलं, जागी ३ लिटरचं सहा सिलिंडरी टर्बो दिलं आणि २०२६ च्या मॉडेलला जुनं इंजिन परत आणलं.

या ‘फुल साइज’ गाड्यांचे हौदे मात्र साडेपाच, साडेसहा, फार तर आठ फुटांचे. दोन रांगांची केबिन घेतली की बहुतेक वेळा साडेपाचवरच समाधान मानावं लागतं, कारण उरलेली लांबी माणसं बसण्यात जाते. आपल्याकडची दहा फुटी हौद्याची पिकप या गाड्यांपेक्षा लांबीला आखूड असते, तरी माल ठेवायची जागा तिच्यात जास्त. तिथली पिकप हळूहळू घरची गाडी झाली. आपली मालवाहूच राहिली, आणि ती आली वेगळ्या वाटेने.

ती वाट टेम्पोपासून सुरू होते. हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या गाड्यांचं नाव ‘टेम्पो’. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून तिची तीनचाकी भारतात बनवली, आणि गाडीचं नाव मराठीत मालवाहू गाडीचं सामान्यनाम होऊन बसलं. आजही चारचाकी पिकप दारात उभी असताना ‘टेम्पो आलाय’ असंच म्हणतात. मग मॅटाडोर आली. ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राच्या हलक्या ट्रकांची लाट आली: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ‘४०७’ आणली, आणि ती त्या सगळ्यांना पुरून उरली. गावातल्या लग्नाच्या वऱ्हाडापासून गुळाच्या ढेपांपर्यंत तिने काय वाहिलं नाही!

पण ४०७ म्हणजे लहान ट्रक. पिकपच्या अंगाने पाहिलं तर १९८८ ची ‘टाटा मोबाइल’ ही टाटांची पहिली आणि तिच्या मागून आलेली ‘२०७’ ही गावोगाव पोचलेली. दुसरीकडून महिंद्रांची जीप येत होती. १९४७ नंतर विलीज जीपची जुळणी करू लागलेल्या या कंपनीने पेट्रोलवरून डिझेलकडे वळताना जीपला आपल्या खेड्यांत रुजवलं. चिकोडी, निपाणी, खानापूर, चंदगड या पट्ट्यात वडापची जीप हीच कितीतरी गावांची एसटी होती. त्यामुळे ती डिझेल इंजिनं उघडायची आणि जोडायची सवय इथल्या गॅरेजांना आधीपासून होती. पुढे त्याच घराण्यातली बोलेरो पिकप २,५२३ सीसीच्या, चार सिलिंडरच्या, थेट इंधन फवारणाऱ्या डिझेल इंजिनावर आली तेव्हा नवखं काही शिकावं लागलं नाही. माझ्या मते तिच्या खपाचं सीमाभागातलं खरं कारण हेच. रात्री दोन वाजता चोर्ला घाटाजवळच्या कणकुंबीपाशी गाडी बंद पडली, तर ती खोलू शकणारा मिस्त्री जवळच्या गावात मिळणं हा इंजिनाचा मोठा गुण असतो, आणि तो माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मे २००५ मध्ये टाटा एस आली, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’. दोन सिलिंडर, ७०२ सीसी डिझेल, शक्ती १६ अश्वशक्ती, वाहायचा माल पाऊण टन, हौदा जेमतेम सव्वासात फुटी. गिरीश वाघ यांच्या चमूने ती पुण्यात घडवली. तीनचाकीच्या किमतीच्या आसपास चार चाकं देणं हा तिचा सगळा डाव. बेळगावात ती दोन ठिकाणी चपखल बसली: गल्लीबोळांत आणि उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत.

उद्यमबागेचं कारण सांगायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलीचं दुकान काढलं ते बेळगावातच. लोखंडी नांगराची सुरुवातही इथलीच. १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, पण यंत्राशी नातं या गावाने सोडलं नाही. पुढे उभ्या राहिलेल्या इथल्या फौंड्र्या वाहनांच्या इंजिनांचे भाग ओततात. म्हणजे पिकपचं इंजिन हा बेळगावसाठी फक्त बाहेरून आलेला माल नव्हे. फौंड्रीतून मशीन शॉपला जाणारा माल असा की एक टन बीड (ओतीव लोखंड) म्हणजे घनफळाने फक्त ५२ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा. त्याला दहा फुटी हौदा देऊन उपयोग काय? तिथे पाटे आणि ॲक्सल बघायचे. छोटा हत्ती तिथे पुरतो.

याच्या उलट भाजी. बेळगाव तालुक्यातला फ्लॉवर, कोबी, मटार आणि पश्चिमेकडची रताळी रोज गोव्याला जातात. गोव्याचं ताट बऱ्याच अंशी इथून भरतं. यात रताळी, बटाटे वजनाने गाडी भरतात, तर फ्लॉवर जागेने. हिशोब करून बघा. बाजारातलं नेहमीचं प्लास्टिकचं क्रेट साधारण ६० बाय ४० सेंटिमीटर. छोट्या हत्तीच्या २.२० बाय १.४९ मीटरच्या हौद्यात, क्रेट आडवी-उभी फिरवून, एका थरात १२ बसतात. ३.०५ बाय १.७० मीटरच्या हौद्यात सरळ २०. क्रेटला २० किलो धरले तर एक थर ४०० किलोंचा, आणि पाच थरांत दोन टन पुरे. ५० किलोंच्या पोत्यात बटाटा घेतला तर १.३ टनांच्या गाडीला २६ पोती, दोन टनांच्या गाडीला ४०. फ्लॉवरचं मात्र क्रेट भरूनही वजन कमीच पडतं. तिथे दोन टनांची क्षमता रिकामी फिरते आणि लागतो तो लांब हौदा आणि उंच जाळी. म्हणून एकाच इंजिनावर कंपन्यांना वेगवेगळ्या लांबीचे हौदे द्यावे लागले. निपाणीकडचा तंबाखूही याच जातीचा, हलका आणि फुगीर.

मग सरळ सगळ्यात मोठी गाडी का घेत नाहीत? इथे ते पोटकलम येतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागतं, पण ज्या गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोंच्या वर जात नाही तिला ते लागत नाही. पुण्यात किंवा हुबळीत हा तपशील असेल. सीमाभागात तो रोजची भाकर आहे. बेळगावहून शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरलं की गोवा. सकाळी एका राज्यात भरलेली गाडी दुपारी दुसऱ्यात रिकामी होते आणि वाटेत तिसरं लागतं. बेळगाव-चिकोडीच्या केए-२२ किंवा केए-२३ पाटीच्या गाडीला परमिटची कटकट नको असेल तर तीन टनांच्या आत राहायचं. त्यामुळेच कितीतरी पिकपचं एकूण वजन मुद्दाम तीन हजारांच्या जरा खाली ठेवलेलं दिसतं. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की हातात उरतो सव्वा ते १.३ टन माल. बोलेरोच्या आणि टाटांच्या गाड्यांत हा आकडा वर्षानुवर्षं का फिरत राहिला, त्याचं हे कारण.

तपासनाक्यांचं ओझं नंतर बरंच उतरलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. पुढच्या वर्षी मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल सुरू झालं, त्यातून ताजी भाजी मोकळी आहे. ड्रायव्हरांसाठी ६ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मोलाचा ठरला. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे घटनापीठाने कायम केलं. अपघातानंतर विमा कंपनीने लायसनवर बोट ठेवायचं आणि घर बसायचं, ही भीती कमी झाली. राज्या-राज्यांचा ताण मात्र पाटीवरून अजून ओळखला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादातून हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, आणि त्यांतल्या मालाचा किंवा ड्रायव्हरचा त्या वादाशी काही संबंध नव्हता.

आता इंजिन. शक्तीचा आकडा सगळे विचारतात, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, ही गोष्ट त्या आकड्यापेक्षा महत्त्वाची. भाजीची गाडी भरलेली असताना चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरते, आणि परतताना रिकामी किंवा मासळी-नारळाच्या थोड्या मालावर चढते. म्हणजे जड अवस्थेत लागतात ब्रेक आणि खालचा गिअर. पावसाळ्यात कणकुंबीच्या धुक्यात दोन टन रताळी मागून ढकलत असताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती धरते, त्यावर ड्रायव्हरचं घरी परतणं अवलंबून असतं. चढावर भरून जाणाऱ्याला मात्र इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, हवा, आणि म्हणून तिथे डिझेलला पर्याय नव्हता.

तो पर्याय प्रदूषणाच्या नियमांनी आणला. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आणि बरोबर तीन वर्षांनी बीएस-६. लहान डिझेल इंजिनाला धूर गाळणारी यंत्रणा बसवायची तर तिचा खर्च गाडीच्या किमतीला पेलवेना. म्हणून २०२० मध्ये छोटा हत्ती पेट्रोलवर आला, सीएनजी वाढलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांनी इंट्रा व्ही-२० पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालणारी आणली. त्याच वेळी आलेल्या योद्धा २.० ने दोन टनांचा टप्पा गाठला, २.२ लिटर डिझेलवर. महिंद्रांच्या २०२३ च्या बोलेरो मॅक्स मालिकेत १.३ पासून दोन टनांपर्यंत माल, ३,०५० मिलिमीटरपर्यंत हौदा, इंजिन जुन्या घराण्यातलंच २.५ लिटर. त्यांच्याच सप्टेंबर २०२४ च्या वीरोने मात्र १.५ लिटरच्या तीन सिलिंडरी डिझेलमधून सुमारे ८० अश्वशक्ती काढली. जवळपास तेवढ्याच ताकदीसाठी जुन्या इंजिनाला एक सिलिंडर आणि एक लिटर जास्त लागत होतं. डिझेल वाचेल हे खरं, पण लहान टर्बो इंजिनाची दुरुस्ती आपल्या गॅरेजांच्या हाताला बसायला वेळ लागेल, असं मला वाटतं.

दोन टनांच्या कुठल्याही गाडीचं एकूण वजन तीन टनांची रेघ ओलांडतं. बेळगाव शहरातच फिरणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटणार नाही. गोव्याची भाजी वाहणाऱ्याने मात्र शोरूममध्ये हप्त्याची चौकशी करण्याआधी गाडीचं एकूण नोंदणीकृत वजन, हौद्याची आतल्या बाजूने मोजलेली लांबी आणि फाळक्याची उंची कागदावर लिहून घ्यावी. सीएनजीची गाडी असेल तर टाक्यांचं वजन धरून माल किती उरतो, तेही.