अंतराळ संशोधनाचा अर्थपुरवठा : सरकारी आणि खासगी

उपग्रह, प्रक्षेपणयाने आणि ग्रहमोहिमा यांसाठी पैसा कोण पुरवतो, अपयशाचा भार कोणावर पडतो आणि मिळालेल्या माहितीवर हक्क कोणाचा राहतो, या प्रश्नांचा विचार या विषयात होतो. यान सरकारी मालकीचे की कंपनीच्या, एवढ्यावरून भेद करणे पुरेसे नाही, कारण खासगी म्हणवणाऱ्या अनेक कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक सरकारच असते.

अमेरिकेत या क्षेत्रात खासगी पैसा आधी आला. १८८८ मध्ये सुरू झालेली लिक वेधशाळा एका धनिकाच्या देणगीतून उभी राहिली, तर १९३० पासून रॉबर्ट गॉडर्ड यांच्या अग्निबाण-प्रयोगांना गुगेनहाइम कुटुंबाने पैसा दिला. शीतयुद्धाने हे चित्र पालटले. अपोलो मोहिमांच्या भरात, १९६६ च्या सुमारास, अमेरिकी संघराज्याच्या खर्चाचा ४ टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जात होता. आज तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. पुढचा बदल कंत्राटाच्या स्वरूपात झाला. झालेला खर्च भरून देऊन वर नफा देण्याऐवजी नासाने ठरावीक दराने सेवा विकत घेण्यास सुरुवात केली आणि डिसेंबर २००८ मध्ये स्पेसएक्सला अंतराळ स्थानकावर माल पोहोचवण्याच्या १२ फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. त्याआधी स्पेसएक्सच्या फाल्कन-१ या अग्निबाणाची तीन उड्डाणे फसली होती, आणि त्या प्रयत्नांतही संस्थापकाच्या पैशाबरोबर अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा होता.

भारतात १९६३ च्या थुंबा येथील पहिल्या उड्डाणापासून पैसा जवळजवळ पूर्णपणे सरकारी राहिला. कारखान्यांचा संबंध सुटे भाग पुरवण्यापुरता होता. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना अंतराळक्षेत्रात परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची घोषणा झाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले, आणि त्यांदरम्यान, नोव्हेंबर २०२२ मध्ये, स्कायरूट या कंपनीच्या विक्रम-एस या खासगी अग्निबाणाचे उपकक्षीय (पृथ्वीभोवतीच्या कक्षेत न जाता खाली येणारे) उड्डाण झाले.

गोव्यात प्रक्षेपणतळ नसला तरी दोन्ही प्रकारचा पैसा येथे दिसतो. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील अंटार्क्टिकातील भारती स्थानकावर इस्रोचे भूकेंद्र आहे. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जात असल्याने तेथे माहिती वारंवार उतरवून घेता येते. समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र मासे सापडण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांची सूचना मोफत देते. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून खोल समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरला तिच्यामुळे डिझेल वाचवता येते. रापणकाराला मात्र तिचा फारसा उपयोग नाही, कारण त्याला जाळे किनाऱ्यावरच ओढायचे असते. अशी सेवा एखाद्या कंपनीने दर लावून चालवली असती, तर लहान होडीवाल्याने वर्गणी भरली असती का, याची शंकाच आहे. याउलट पिळर्ण औद्योगिक वसाहतीतील किनेको ही खासगी कंपनी इस्रोला कॉम्पोझिटचे (तंतू आणि राळ मिळून बनलेल्या हलक्या, बळकट पदार्थाचे) भाग पुरवते. तेथे कारखाना खासगी भांडवलाचा असला तरी या भागांची मागणी सरकारी मोहिमांतून येते.

ज्या मोहिमेतून विकण्याजोगे काही निघत नाही, तेथे खासगी भांडवल आजवर तोकडे पडले आहे. चंद्रावर खासगी पैशाने यान उतरवण्यासाठी गूगलने पुरस्कृत केलेली स्पर्धा २०१८ मध्ये विजेत्याविना संपली आणि तीत उतरलेल्या बंगळूरच्या टीमइंडसची मोहीम पैशाअभावी उड्डाणापर्यंत पोहोचली नाही. सुमारे ६१५ कोटी रुपयांचे चांद्रयान-३ सरकारी खर्चाने २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले.

पैसा खासगी असला तरी जबाबदारी पूर्णपणे खासगी होत नाही. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार आपल्या देशातील कंपन्यांच्या अंतराळातील कृतींना त्या देशाचे सरकार उत्तरदायी असते. १९७२ च्या दायित्व करारानुसार अग्निबाणाचा अवशेष परदेशी भूमीवर पडून नुकसान झाल्यास भरपाईचा दावा कंपनीवर न होता प्रक्षेपक राष्ट्रावर होतो.